दोन तोंडांची डबी

मुलीच्या साखरपुड्यात हसायचं असं मी ठरवलं आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, हसायला ठरवावं कशाला लागतं? लागतं. गेली तीस वर्षं मी फोटोत हसलेलो नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा माझा चेहरा असा आहे की परक्या माणसाला वाटावं, हा कुणाच्या तरी दहाव्याला आलाय. कारण एकच, माझे दात. कॉलेजात लागलेली तंबाखू आणि ऑफिसातला दिवसाला सहा कप चहा यांनी मिळून त्यांना असा काही रंग दिलाय, की आमच्या अनगोळातल्या पेंटरलाही तो डब्यात कालवून देता आला नसता. त्यामुळे फोटोग्राफर 'स्माईल' म्हणाला की मी ओठ आणखी घट्ट मिटून घेतो.

पण आमच्या आरोहीचं लग्न ठरलं, सांबऱ्याच्या आदर्शशी, आणि तिनं एक दिवस सगळे अल्बम काढून माझ्यापुढे मांडले.

"आप्पा, ह्यातल्या एका तरी फोटोत तुम्ही हसलाय काय, दावा बघू."

मी शोधलं. तिच्या बारशात नाही, वाढदिवसात नाही, दहावीला नंबर आला तेव्हाही नाही.

"मला दुसरं काय नको," ती म्हणाली. "साखरपुड्यात तेवढं तोंड उघडून हसा. त्यो फोटो मोठा करून मी सासरी घेऊन जाणार हाय."

मला फार वाईट वाटलं. पोरगी घरातून निघाली आणि तिच्याकडे हसऱ्या बापाचा एक फोटो नाही, ही काय गोष्ट झाली? तंबाखू मी दोन महिन्यांपूर्वीच सोडली होती. तीही आरोहीच्या गळ्याची शपथ घेऊन, कारण त्याशिवाय माझ्या बायकोचा, मंगलचा, विश्वासच बसत नव्हता. "पुन्हा जर का तंबाखू तोंडात दिसली," तिनं बजावलं होतं, "तर साखरपुड्याला आम्ही दोघीच जाऊ. तुम्ही बसा घरात, चोळत." तंबाखू सुटली, पण रंग राहिला. साखरपुड्याला बारा दिवस होते.

दातांच्या डॉक्टरकडे जायचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण तिथं ते मशीन असतं. (मी नंदगडचा आहे. फासाला न घाबरलेल्या वीराला जिथं फाशी दिलं, त्या गावचा. पण ते मशीन दातावर घुर्र करतं, तेव्हा गावाचं नाव उपयोगी पडत नाही.) शिवाय खर्च किती येईल कोण जाणे. म्हणून मी ऑफिसात शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या भरमूला विचारलं. त्यानं मोबाईलवर व्हिडिओच व्हिडिओ पाठवले. सगळे घरगुती, सगळे सात दिवसांत.

पहिले दोन दिवस लिंबू आणि मीठ. तिसऱ्या दिवशी दात असे आंबले की चहाचा घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग केळीची साल आतून घासायची होती. मंगलनं मला न्हाणीघरात साल तोंडात धरलेलं पाहिलं आणि संध्याकाळी भाकरी एक जास्त वाढली.

शेवटी कोळसा. व्हिडिओतली बाई म्हणत होती, 'ॲक्टिव्हेटेड चारकोल'. मी गच्चीवर नारळाच्या करवंट्या जाळल्या, कोळसा मिक्सरला फिरवला, वस्त्रगाळ केला. ॲक्टिव्हेट कसा करायचा ते कळलं नाही, म्हणून डबी थोडा वेळ जोरजोरात हलवली.

आता ती डबी. इथं माझी अक्कल शेण खायला गेली होती हे कबूल करतो. माझी तंबाखूची स्टीलची डबी मी टाकली नव्हती. दोन तोंडांची असते ती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. इतक्या वर्षांची सोबत, टाकायला हात धजला नाही. मी तिच्या तंबाखूच्या बाजूला कोळसा भरला, चुन्याच्या बाजूला खायचा सोडा, आणि ती न्हाणीघराच्या खिडकीत फिनेलच्या बाटलीमागे ठेवली. लपवून, कारण घरच्यांना एकदम पांढरे दात दाखवून चकित करायचं होतं.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. गुणाबाई. निपाणीच्या बाजूच्या, वय पंचाहत्तर, त्यातली साठ वर्षं मिशरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना लावून बसायचं, हा त्यांचा दोन वेळचा धर्म. डॉक्टरांनी बंद सांगितली होती आणि मंगलपुढे त्यांनी ती बंद केली होती. (मंगलच्या पाठीमागचं मला तेव्हा माहीत नव्हतं.)

त्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी परसात ब्रश धूत होतो. सासूबाई हळूच जवळ आल्या, इकडंतिकडं बघितलं.

"पावणं, खिडकीतली डबी तुमचीच न्हवं?"

मी दचकलो. "व्हय, मामी. मंगलला सांगू नगा."

"मी कशाला सांगती? लई बारीक केलीया तुम्ही."

"मिक्सरला फिरवून वस्त्रगाळ केलीया."

"आगं बया! आमच्यात कुणी एवढं करत न्हाय. सकाळ-संध्याकाळ लावता?"

"दोन टाईम. तुम्हीबी लावून बघा की, मामी. दात कसं होत्यात बघा."

सासूबाई गालात हसल्या. म्हातारीलाही दात पांढरे करायची हौस आहे, याचं मला कौतुक वाटलं.

त्यानंतर घरात चमत्कार सुरू झाला. पहिले दोन दिवस कोळसा तोंडात मातीसारखा लागला होता. तिसऱ्या दिवसापासून त्याला गोडी आली. घासायला लागलं की कसं हलकं वाटायचं, डोकं साफ व्हायचं. मी दिवसातून चारदा दात घासू लागलो. ऑफिसातून हाफ डे काढून एकदा दात घासायला घरी आलो. न्हाणीघरात गुणगुणू लागलो. करवंटीत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. वास थोडा ओळखीचा येत होता, पण डबीच तंबाखूची, वास राहणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. (आपली समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.)

सासूबाई मात्र दिवसेंदिवस चिडचिड्या होत चालल्या. डोकं दुखतं म्हणायच्या, आमटीला चव नाही म्हणायच्या. "आजकालच्या मालात दमच न्हाय," असं एकदा मला जाता जाता ऐकवून गेल्या. मला वाटलं, डाळीबद्दल बोलतात.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, न्हाणीघराची कडी घालायची राहिली.

मंगलनं दार ढकललं. आरशासमोर मी. तोंड काळं, ओठ काळे, बोट तोंडात, दुसऱ्या हातात उघडी डबी. एका बाजूला काळी पूड, दुसऱ्या बाजूला पांढरी.

"अवो!" एवढंच ती म्हणाली, पण गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली.

"मंगल, कोळसा हाय ह्यो! करवंटीचा! दात पांढरे करायला!"

"तोंड बघा आधी आरशात. म्हणं पांढरे!" तिनं डबी हिसकावली, नाकाला लावली. "ह्यो कोळसा?"

"डबीचा वास हाय त्यो."

"आणि ह्यो चुना?"

"सोडा! खायचा सोडा!"

एवढ्यात आरोही आली. तिनं डबी बघितली, माझं तोंड बघितलं, आणि तिचे डोळे भरले. "आप्पा," ती म्हणाली, "माझी शपथ घेतलीती तुम्ही."

मंगलचं ओरडणं मी सत्तावीस वर्षं ऐकतोय, त्याचं काही नाही. पण हे वाक्य काळजात गेलं. पोरीसाठी एवढी खटपट केली आणि पोरीच्याच नजरेतून उतरलो. मला रडूच यायचं राहिलं होतं. मग एकदम सुचलं. या घरात या विषयातला साठ वर्षांचा अनुभव असलेला माणूस बसलाय!

"मामींना बोलवा! त्या चव घेऊन सांगतील. मिशरी निघाली तर मी साखरपुड्याला येत न्हाय!"

सासूबाई आल्या. डबी बघून जरा अडखळल्या. पण तीन माणसं समोर उभी, करणार काय? चिमूट घेतली, दाताला लावली, डोळे मिटले. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला, आठवडाभराची आठी गेली, मान डोलू लागली.

"आई, काय हाय ते?" मंगलनं विचारलं.

"मिशरी," सासूबाई तंद्रीत म्हणाल्या. "माझ्याच हातची भाजणी."

मी भिंतीला टेकलो.

मग सगळं बाहेर आलं. माझी डबी सासूबाईंनी आल्या दिवशीच उघडून पाहिली होती. तंबाखूचा वास, काळीभोर पूड, तीही वस्त्रगाळ. जावयानं घरी एवढी उंची मिशरी ठेवलीय म्हटल्यावर म्हातारीला राहवलं नाही. माझा कोळसा त्यांनी आपल्या डबीत ओतून घेतला आणि आपली मिशरी माझ्या डबीत भरली. "चोरी न्हाय केली गं मी," त्या मंगलला म्हणाल्या. "मापाला माप घातलं. पावण्याची जरा मवाळ वाटली, पर चांगल्या मालाला नाव कसं ठेवावं?"

"म्हणजे आज्जी, तू आठवडाभर कोळसा लावत्याईस?" आरोहीनं तिची हनुवटी धरली. "आ कर बघू."

सासूबाईंनी आ केला. साठ वर्षांचा काळा थर निम्मा उडाला होता. खालून चक्क दात निघाले होते.

आरोही हसत सुटली. मंगलही हसली. मग एकाएकी थांबून तिनं माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही? दोन महिनं सोडली, आणि आठवडाभर रोज चारदा मिशरी लावताना तुमच्या ध्येनात आलं न्हाय?"

"डबीचा वास वाटला मला," मी म्हणालो. कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता.

आरोहीनं साखरपुड्याला न येण्याची माझी पैज आणि डबी, दोन्ही कचऱ्यात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी मला आणि सासूबाईंना डॉक्टर निवेदिताकडे नेलं. पोरीच्या वयाची डॉक्टर. तिनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काका, काय काय लावलंत?"

मी यादी सांगितली. लिंबू म्हटल्यावर तिनं डोळे मिटले, कोळसा म्हटल्यावर उघडले. "लिंबानं दात झिजतात, कोळशानं चरे पडतात. तंबाखू खरंच सोडा, चहा झाला की चूळ भरा, मऊ ब्रशनं साध्या पेस्टनं दोन वेळा घासा आणि वर्षाकाठी एकदा माझ्याकडं या. बास."

मशीन घुर्र झालं. अर्ध्या तासात, फारसं न दुखता, तीस वर्षं वाहून गेली. पैसेही मी घाबरलो होतो त्याच्या पावपट झाले. आरशात बघितलं तर दात स्वच्छ होते, पण पिवळसरच.

"पांढरे कुठं झाले?" मी म्हणालो.

"दात पांढरे नसतात काका, दाताच्या रंगाचे असतात."

रविवारी मी हसलो. तोंड उघडून, मागच्या दाढा दिसतील इतका. एका बाजूला सासूबाई त्यांच्या नव्या दातांनिशी, दुसऱ्या बाजूला आरोही, आणि तिनं माझा दंड घट्ट धरलेला. फोटो काढून झाला तरी ती सोडेना. तेवढ्यावर सगळं भरून पावलं असं मला वाटलं.

फोटो मोठा होऊन आला. भरमू साखरपुड्याच्या दिवशी गावच्या जत्रेला गेला होता, म्हणून मी तो मुद्दाम ऑफिसात नेला. भरमू अठरा वर्षं माझ्या शेजारी बसतो. त्यानं चष्मा पुसला आणि फोटो नीट न्याहाळला.

"झकास! ही वैनी. ही आरोही, ह्यो जावई. आणि म्हातारी काय हसलीया रं! दात बघा की, मोत्यावानी."

मी वाट बघत राहिलो.

"ह्यो पावण्याकडला दिसतोय," फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "लई खूश हाय गडी."

मग फोटो परत देत त्यानं आवाज खाली आणला. "पर नागोजीराव, पोटच्या पोरीच्या साखरपुड्याला तुम्ही कुठं गेलता?"