साळवेबाईंनी नापास केलेला ट्रॅक्टर

साळवेबाई जुन्या ट्रॅक्टरशी बोलतात, तेही अहो-जाहो करून. माणसांना त्या "हं, पुढे" एवढ्यावर वाटेला लावतील. पण एखादा गंजका ट्रॅक्टर समोर आला की पदर सावरतात, चष्मा पुसतात, त्याच्या बॉनेटवर तळहात ठेवतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "आपण कुणाकडे होतात?" मग थांबतात. घाबरायला होतं ते त्यानंतर. कारण बाईंच्या चेहऱ्यावरून वाटतं की उत्तर आलं.

बाईंची सगळी नोकरी सरकारात वाहनं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सदाशिव पेठेत माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. मी दातांचा डॉक्टर. पहिल्यांदा दाढ दाखवायला आल्या तेव्हा मी मशीन सुरू केल्याबरोबर त्यांनी हात वर केला. "याचं बेअरिंग जायला आलंय. आधी ते दाखवा कुणाला तरी, मग माझी दाढ." आणि खुर्चीतून उठून निघून गेल्या. मशीन त्याच आठवड्यात बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने कारण सांगितलं, बेअरिंग.

त्यामुळे मला ट्रॅक्टर घ्यायचा ठरला तेव्हा दुसरं कुणी सुचलंच नाही. सासवडच्या पुढे माझी आणि बहिणीची थोडी जमीन आहे. जमीन म्हणजे उतार आणि चिकट माती. साध्या ट्रॅक्टरची मागची चाकं तिथे जागच्या जागी फिरतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात. चारही चाकांना ताकद जाणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह हवा होता. नवा घ्यायची ऐपत नव्हती.

"बारा-पंधरा वर्षं जुना असला तरी चालेल," मी म्हणालो.

"चालेल की नाही ते तो सांगेल. तुम्ही मला तिथे घेऊन चला."

आम्ही आधी हडपसरला जुन्या ट्रॅक्टरांच्या एका आवारात गेलो. रविवार होता. रांगेत उभे केलेले ट्रॅक्टर सगळे एकाच दिशेला तोंड करून होते. विक्रेता हसतमुख होता. "मॅडम, हा बघा, एकहाती वापरलेला, मालकाने पोरासारखा सांभाळलाय." बाईंनी त्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, प्रश्न विचारला, थांबल्या.

"हा उलटलाय," त्या म्हणाल्या.

"छे हो मॅडम!"

"उलटला तेव्हा खाली माणूस होता."

विक्रेत्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतून माणूस निघून गेला. तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनी." बाईंनी ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं आणि गाडीकडे चालायला लागल्या.

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "बाई, खरं सांगा, कसं कळलं?"

"एक मडगार्ड नवं होतं. स्टेअरिंगचा दांडा वाकलेला सरळ केला होता. डोळे असले की दिसतं."

"आणि माणूस?"

त्यांनी सिग्नल सुटू दिला. मग म्हणाल्या, "तो विक्रेता बाकी सगळ्या ट्रॅक्टरांना पाठ टेकून उभा राहत होता. त्या एकाला नाही."

दुसरा ट्रॅक्टर सासवडच्या अलीकडच्या एका गावात होता. विकणारा मुलगा पुण्यात नोकरीला. फोनवर म्हणाला, "वडील गेल्यापासून वर्षभर बंदच आहे, शेडमध्ये कुलपात. आई घरी असते, ती दाखवेल."

"आईला आधी कळवू नका," बाईंनी मला बजावलं. इंजिन गार असतानाच सुरू करून पाहायचं हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक येणार म्हटलं की लोक आधीच तापवून ठेवतात आणि तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. रस्ता संपला तिथे गाडी ठेवून बांधावरून चालत निघालो. वारा पडलेला. एक कुत्रंही भुंकलं नाही. तेवढ्यात समोरच्या घराकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. जागेवर उभा राहून सावकाश धडधडणारा. मग एकदा छोटा हॉर्न वाजला. मग आवाज बंद झाला.

"बघा, तापवतायत," मी म्हणालो. बाईंनी चालणं हळू केलं.

अंगणात कुणी नव्हतं. पत्र्याच्या शेडला बाहेरून कुलूप होतं. थोड्या वेळाने घरातून त्या मुलाची आई, हौसाबाई, आल्या, पदराला हात पुसत. बुटक्या, काटक, साठीच्या. घराच्या दारावर हार घातलेला नवऱ्याचा फोटो होता. फोटोत तो याच दारात उभा होता, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच माणूस. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, कमरेची चावी काढली आणि कुलूप उघडलं.

आत अंधार, उकाडा आणि जळालेल्या डिझेलचा ताजा वास. सगळ्या वस्तूंवर बोटभर धूळ होती. फक्त ट्रॅक्टरची सीट स्वच्छ होती. स्टेअरिंगवर पुरुषाचा टॉवेल टाकलेला होता. मी तो बाजूला करायला गेलो. ओला होता. बॉनेटला हात लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागलं.

"हा आत्ता कुणी सुरू केला होता?" मी विचारलं.

"कोन करनार? ते गेल्यापास्नं बंद हाय. चावी माझ्या कमरेला."

"अहो, आम्ही बांधावर आवाज ऐकला."

हौसाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला बी आला व्हय?"

मी नास्तिक माणूस आहे. तरी दोन पावलं दाराकडे सरकलो.

बाईंवर काही परिणाम नव्हता. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, धूर पाहिला. पुढच्या चाकांच्या मधे वाकून तेल गळतंय का ते पाहिलं. पुढची आणि मागची टायर सारखी झिजलीत का, ते बोटांनी चाचपलं. नांगर उचलून हवेत ठेवला, इंजिन बंद केलं आणि तो खाली बसतो का ते पाहत उभ्या राहिल्या. नांगर तसूभर हलला नाही. मला यातलं फार कळत नाही, पण निरोगी जबडा मला कळतो. हा ट्रॅक्टर तसा होता.

हौसाबाई चहा ठेवायला घरात गेल्या. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, जरा बाहेर थांबा. दार ओढून घ्या."

मी कडुलिंबाखाली उभा राहिलो. आतून बाईंचा आवाज आला, "रोज येणं होतं का?" मग शांतता. आणि मग कुणीतरी खालच्या, घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. बाईंनी आणखी काही विचारलं. पुन्हा तो आवाज. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. चुलीवर चहा उतू जात होता आणि तिथे कुणी नव्हतं.

शेडचं दार उघडलं. आधी बाई बाहेर आल्या. मागून, डोळे पुसत, हौसाबाई. शेडच्या मागच्या बाजूला एक सुटा पत्रा होता, त्यातून त्या आत गेल्या होत्या. मला स्वतःचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"नापास," बाई म्हणाल्या.

"काय? का?"

"गिअरबॉक्स." माझ्याकडे न बघताच. मग माझाच फोन घेऊन त्यांनी मुलाला सांगितलं, "गिअरबॉक्स उघडावा लागेल. इतक्यात कुणाला दाखवू नका, तुमचीच शोभा होईल. राहू दे आईकडे."

गाडीत बसल्यावर मी चिडलोच. "बाई, पेरणी तोंडावर आलीय. इतका चांगला ट्रॅक्टर दुसरा कुठे मिळणार?"

"मिळेल. हा तिचा आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "फोटोतला माणूस केवढा उंच होता पाहिलंत ना? सीट मात्र बुटक्या माणसाएवढी पुढे ओढलेली. रोज दुपारी ती त्या पत्र्यातून आत जाते, बाहेरचं कुलूप तसंच दिसावं म्हणून. सुरू करते. बसून राहते. टॉवेल धुऊन ओलाच टाकते, ते शेतातून आल्यावर टाकायचे तसा. पोराला कळलं तर म्हणेल आईचं डोकं फिरलं, आणि दुसऱ्या दिवशी विकेल."

"आणि हॉर्न?"

"हॉर्नला मी हात लावत नाही म्हणाली. ते वाजवायचे तो, भाकरी टाक म्हणून."

"मग आपण ऐकला तो?"

"वायरिंग जुनं असेल," बाई म्हणाल्या. "तपासणीच्या अहवालात असंच लिहायची पद्धत आहे."

आम्ही दिवेघाट उतरलो. मग त्या आपण होऊन म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा मी आठवड्यात घर आवरलं. स्कूटर, रेडिओ, चष्मे, सगळं देऊन टाकलं. नातेवाईक म्हणाले, काय खंबीर बाई. आता घरात इतकं शांत असतं डॉक्टर, की फ्रिज सुरू झाला तरी मी विचारते, कोण आहे?"

मी गाडी चालवत राहिलो.

पुढे मला एक बरा ट्रॅक्टर मिळाला. बाईंनी तो उभ्या उभ्या पास केला. पेरणी थोडी उशिरा झाली, पण झाली.

थंडीत एकदा शेतावरून परतताना मी त्या गावाकडे गाडी वळवली. का, ते सांगता येणार नाही. बांधावरूनच ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मी थबकलो. शेड सताड उघडी होती. हौसाबाई ट्रॅक्टर चालवत होत्या. अंगणातच, पहिल्या गिअरमध्ये, कडुलिंबाला सावकाश फेरी घालत. मडगार्डवर, मांडीवर पर्स ठेवून, साळवेबाई बसल्या होत्या.

हौसाबाई काहीतरी बोलल्या आणि कुणीतरी मोठ्याने हसलं. मोकळं, पोरीसारखं. ते कोण हसलं ते मला आधी कळेचना. मी शेडमध्ये पाहिलं, ओट्यावर पाहिलं. अंगणात तिसरं कुणीच नव्हतं.

मग ओळखू आलं. इतकी वर्षं बाई माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, पण ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी हाक न मारता मागे फिरलो.