गोलात दहीभात

आमच्या घाटंजीत किसनाजींनी दहीभात शिंपडला नाही अशी वस्तू सापडणं कठीण. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो चहूकडे शिंपडतात. याला सीतादही म्हणतात. बाकीचे लोक हे वर्षातून एकदा, आणि वावरातच करतात. किसनाजी कुठेही करत. माझ्या नव्या सायकलच्या चाकांना त्यांनी दहीभात लावला आणि चेन साफ करण्यात माझा रविवार गेला. मी शिकवायचो त्या शाळेत नवा फळा आला, त्यालाही लावला. हेडमास्तर ओरडले तेव्हा म्हणाले, "पयलं काम सीतादहीचं. मंग शिकवा काय शिकवाचं ते."

किसनाजी माझे शेजारी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भावाचा पोरका मुलगा देविदास त्यांनीच वाढवला. वाढवला म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्याच्या नावाने शंख केला. तोही सगळं निमूट ऐकून घ्यायचा.

पुढे देविदास नागपूरला कॉलेजात गेला आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर झाला. किसनाजींना हे काही पटलं नाही. "बाकीचे पोट्टे पयतात अन् हा दारात उभा. दारात उभं राह्याले कॉलेजात कायले जा लागते?"

त्या वर्षी देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा नागपुरातच भरली आणि आमचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. त्यातच कलकत्त्याच्या एका क्लबाने देविदासला बोलावलं. खेळायचं, वर नोकरी. किसनाजींनी निवाडा दिला, "हिंदुस्थानात पयला आला तं जाय कलकत्त्याले. हारला तं वळकटी बांधून गुमान वावरात ये." देविदास कबूल झाला. काकाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

सामन्याच्या दिवशी मी आणि किसनाजी एस.टी.ने नागपूरला गेलो. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला पितळी डबा होता. आत काय आहे ते मी विचारलं नाही. वासावरून सगळ्या गाडीला कळत होतं.

खेळाडू मैदानात यायच्या आधीच ते देविदासच्या गोलात जाऊन चार शितं टाकून आले. मैदानावरच्या माळ्याला वाटलं, म्हातारा पाखरांना घालतोय. पूर्वार्धात देविदासने येईल तो चेंडू अडवला. दर वेळी किसनाजी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसत होते. आमच्याकडूनही गोल झाला नाही. मध्यंतर झालं आणि मी सहज म्हणालो की आता संघ बाजू बदलतील.

किसनाजी ताडकन उठले. "वावर बदलते? अर्ध्या कामात? अन् हे तुमी आता सांगून राह्यले, मास्तर?"

मी चहा घेऊन येईपर्यंत ते पलीकडच्या गोलात पोचले होते. शितं मोजून टाकायला सवड नव्हती. त्यांनी डबाच पालथा केला.

सामना संपत आला असताना एक चेंडू रखडत रखडत देविदासकडे आला. शेंबडं पोरही अडवील असा. देविदास वाकला, त्याचा पाय सरकला आणि तो मटकन खाली बसला. चेंडू त्याच्या बगलेतून आत गेला. तेवढ्या एका गोलावर आम्ही हरलो.

देविदासच्या चड्डीला लागलेला दहीभात पाहून संघाचे प्रशिक्षक किसनाजींवर धावून आले. "पुतण्या घरी यावा म्हणून मुद्दाम केलंत!" खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. किसनाजी रिकामा डबा फडक्यात बांधत होते आणि गाठ काही बसत नव्हती.

संध्याकाळी देविदास वळकटी घेऊन बसस्टँडवर आला. चेहरा उतरलेला, पण तक्रार नाही. "चला, काका."

किसनाजींनी वळकटी त्याच्या खांद्यावरून काढून बाकावर ठेवली. "हारला कोन?"

"मी."

"तू कायले? गोल माह्या भातानं खाल्ला. तू तं एक चेंडू आत येऊ देला नाही."

"पण आपलं ठरलं होतं."

"ठरवलं मी, मोडूनही मीच राह्यलो. कलकत्त्याले जाय." मग म्हणाले, "अन् तिथं काही शिंपडू नको."

देविदास पाया पडला तेव्हा ते दुसरीकडेच पाहत होते.

गाडीत मी शेजारी बसायला गेलो, तर म्हणाले, "मास्तर, तुमी मांगं बसा." स्वतः कडेला बसले, खिडकीची जागा मोकळी ठेवली. माझ्याच्याने त्यांच्याकडे पाहवेना. गाडी सुटता सुटता एक बाई बोचकं घेऊन चढली आणि तिने त्यांना विचारलं, "बुवा, इथं कोनी येनार हाये काय?"

"येनार होता," किसनाजी म्हणाले आणि खिडकीकडे सरकले.