अण्णांचा माग आणि सिद्धूची पेटी

आमच्या शेजारचे अंबादासअण्णा कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी पंखा बंद करतात. सोलापूरचा मे महिना, घरातली माणसं भाजून निघालेली, आणि हे बटणापाशी उभे. "तालात न्हाय की ह्यो. डोकं उठतंय." मग यजमान आणि अण्णा दोघंही घाम पुसत चहा पितात.

पन्नास वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवल्यावर माणसाचं असं होत असावं. एकदा डॉक्टरांनी छाती तपासली, तर अण्णांनी नळी मागून घेऊन आपल्याच कानाला लावली आणि निकाल दिला, "डाक्टर, हे बी तालात न्हाय." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय."

गेल्या वर्षी सिद्धू वारला. सिद्धू म्हणजे पलीकडच्या गल्लीतला गिटारवाला. तरुणपणी मुंबईच्या एका रॉक बँडमध्ये त्यानं थोडं नाव कमावलं, तिथं भांडून परत आला आणि पुढं एकट्यानंच तीन अल्बम केले. एकाचं नाव 'पाचव्या दिवशी पाणी'. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरकरांना नाव पटलं, पण कॅसेट कुणी घेतली नाही. त्याच्या अंत्ययात्रेत खांदा देताना अण्णा ओरडले होते, "पाय तालात टाका की रं, पोराला हिसके बसत्यात." लोक हसले. मीही हसलो. आता त्याची लाज वाटते.

मेल्यावर माणूस मोठा होतो, तसा सिद्धूही झाला. पुण्याच्या एका कंपनीला त्याच्या तिन्ही अल्बमची एक पेटी, म्हणजे बॉक्स सेट, काढायची होती. मूळ टेपा सिद्धूनं अण्णांकडे ठेवायला दिलेल्या, त्यांच्या ट्रंकेत, टॉवेलात गुंडाळलेल्या. पत्रव्यवहार मात्र माझ्याकडे आला, कारण मी निवृत्त मास्तर. टेपांमध्ये काही दोष आहेत का, असं कंपनीनं विचारलं होतं. मी त्या अण्णांकडून आणून ऐकल्या. गाण्यामागं सारखी खडखड. बिचाऱ्यानं कुठं बसून रेकॉर्डिंग केलंय, असं पुटपुटत मी टेपा पाठवताना लिहून टाकलं, "पार्श्वभूमीला यंत्राचा आवाज येतो, तो कृपया काढावा." अण्णांना विचारायचं सुचलंसुद्धा नाही. लाल पेनाची जुनी सवय, दुसरं काय.

परवा रविवारी पेटी आली. काळी, जाड पुठ्ठ्याची, आत तीन सीडी आणि सिद्धूचे फोटो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले, पंखा बंद केला आणि भिंतीला टेकून बसले. पहिलं गाणं लागलं. गिटार, मग सिद्धूचा घोगरा आवाज. इतका स्वच्छ की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मांडीवर थाप द्यायला उचललेला अण्णांचा हात तसाच राहिला.

"मास्तर, माझा माग कुटं गेला?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं.

"सिद्ध्याचा सोभाव तुमाला म्हाईत हाय. ड्रम वाजवाय कुनी येईना. मला म्हनला, अण्णा, तुमीच वाजवा. मला काय येतंय? मग कारखान्यातला माझा माग लावला. सूत न घालता, रिकामाच. गाण्यापरमानं पुली बदलून माग हळू-जोरात करायचा, त्याला पायजे तसाच धोटा हिकडनं तिकडं खडखडत पळाय पायजे. तीन वरसं, दर सुट्टीला. लई खूश व्हायचा."

तो माग दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता. टेपा संगणकावर उतरवून घेतानाच तुटल्या आणि साफ केलेली प्रतच काय ती उरली, असं कंपनीनं मला आधीच कळवलं होतं.

"अण्णा, तो आवाज काढायला मीच सांगितलं." मी म्हणालो. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका खोडल्या, आणि शेवटी चूक नव्हती तेच खोडून बसलो.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसरं गाणं सुरू झालं तसे ते गुडघ्यावर हात टेकून उठले, बटणापाशी गेले आणि त्यांनी पंखा लावला. आमचा पंखा जुना, खटखट करणारा.

"तो तालात नाही, अण्णा," मी म्हणालो.

"न्हाय," ते म्हणाले. "पन पोरगं एकलंच गातंय की."

आणि पंखा जिथं जिथं चुकत होता, तिथं मांडीवर थाप देत ते तिन्ही सीडी संपेपर्यंत बसून राहिले.