संचालकबाईंची पाटी

पोहायला शिकवणाऱ्या बायकोला जलतरण तलावाच्या संचालकपदी बढती मिळाल्याचं कळलं आणि नवऱ्याला आकाश ठेंगणं झालं. त्याच दिवशी तो पितळी पाटी करून घेऊन आला. आयुष्यात एक खिळा सरळ न ठोकलेला हा गृहस्थ ड्रिल मशीन घेऊन दाराशेजारच्या भिंतीला भिडला.

"अहो, थांबा जरा. मला बोलायचंय."

"आधी पाटी, मग बोलणं! संचालकबाईंचं घर लोकांना सापडायला नको?"

पुढच्या क्षणी भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली. नेमका पाइपच फुटला होता. त्याने भोकावर अंगठा दाबला. बायको मुख्य नळ बंद करायला धावली, तर गंजलेल्या नळाची मूठच तिच्या हातात आली. प्लंबर फोनवर म्हणाला, "निघालोच. तोवर अंगठा हलवू नका."

बायकोने स्टूल ओढलं. नवरा ऐकून घेण्यावाचून काही करू शकत नाही, असा योग पुन्हा येणार नव्हता.

"मी ती बढती नाकारली."

अंगठा सुटला. नवऱ्याचा चष्मा धुऊन निघाला.

"अंगठा, अंगठा!"

त्याने पुन्हा भोक गाठलं. "अगं, पण केबिन? गाडी? मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलोय!"

"केबिनमध्ये पाणी नसतं हो. एक मुलगी कित्येक दिवस शिडीला चिकटून बसायची. परवा तिनं आपणहून माझा हात सोडला आणि तरंगली. कसली हसली माहितीये? मला रोज तेच बघायचंय."

एवढं बोलून ती शांतपणे फरशी पुसायला लागली. मिळालेली खुर्ची अशी सहज परत करणारी माणसं असतात कुठे! नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत वर आल्या. "माझ्या छताला धार लागलीये! कुठे आहेत त्या संचालकबाई?"

"इथे कुणी संचालक नाही," नवरा भिजलेली छाती फुगवून म्हणाला. "इथे पोहायला शिकवणाऱ्या बाई राहतात. बढती नाकारली हिनं! तुमच्या ओळखीत आहे असं कुणी?"

काकूंनी घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वा! मग तुम्हाला तर झकास पोहता येत असेल."

काकू गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "अगं, तुझ्या नवीन तुकडीत एखादी जागा आहे का?"

"आहे की. पण सगळे सहा-सात वर्षांचे आहेत."

"चालेल. त्यांना म्हणावं, मला जरा सांभाळून घ्या."