तात्या सांगून उठतात

व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या माणसाच्या मनाचं दार फक्त विश्वासाच्या किल्लीनं उघडतं, असं आमच्या केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. तात्यांचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते दार अर्धं उघडंच ठेवावं, आणि ठेवण्याआधी तसं सांगावं.

"मी आता दार अर्धं उघडं ठिवणार हाय."

हे वाक्य मी गेली चार वर्षं ऐकतो आहे. त्याच्या जोडीला "आता मी उठणार हाय", "खुर्ची सरकवतोय, आवाज हुईल", "मागनं येतोय, मीच हाय." एकदा त्यांनी "मी आता शिंकणार हाय" असंही जाहीर केलं आणि शिंक आलीच नाही. खोलीतली सगळी माणसं बराच वेळ त्यांच्या नाकाकडं बघत बसली होती.

जालिंदरतात्या तासगावजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहेत. हा शब्द केंद्रात माझ्याशिवाय कुणाला धड म्हणता येत नाही, खुद्द तात्यांनाही. मी निवृत्त मराठी शिक्षक. रोज दोन तास येऊन रुग्णांचे अहवाल शुद्ध भाषेत लिहून देतो. तात्या मुळात याच केंद्रात रुग्ण म्हणून आले होते. दारू सुटली, केंद्र सुटलं नाही. त्याआधी ते एसटीत कंडक्टर होते, तेव्हा सगळं आधी ओरडून सांगायची सवय त्यांना गाडीतच लागली असणार, असा माझा निष्कर्ष होता. तो चुकीचा निघाला, पण तीन वर्षं चांगला चालला.

तात्या रुग्णाच्या समोर कधी बसत नाहीत. "समोर बसलं की पोलिस चौकी वाटती," म्हणतात. ते शेजारी बसतात, आणि मध्ये बेदाण्याची पाटी ठेवतात. दोघांनी मिळून काड्या निवडायच्या. हात पाटीत, नजर पाटीत. प्यायला कवा लागलास, असं ते विचारत नाहीत. "जनावरं किती?" असं विचारतात. माणूस सांगतो, एक म्हैस होती, विकली. ती का विकली हे सांगता सांगता तो उरलेलं सगळं सांगून टाकतो. त्यामुळं माझ्या अहवालांत 'कौटुंबिक इतिहास' हा रकाना बहुतेक वेळा म्हशीपासून सुरू होतो.

मध्यंतरी माण तालुक्यातले एक निवृत्त हवालदार दाखल झाले. कायम भिंतीला पाठ लावून बसायचे. पाठीमागं कुणाची चाहूल लागली की ताडकन उभे. पहिल्याच दिवशी चहा घेऊन आलेल्या माणसाचा त्यांनी हात पिरगळला. मग आठ दिवस कुणाशी शब्द नाही. तात्या रोज शेजारी बसून आपल्या हालचालींचं धावतं वर्णन करायचे. उजवा हात पाटीत घालतोय. काडी टाकतोय. पाय लांब करतोय.

नवव्या दिवशी हवालदार म्हणाले, "आवं तात्या, समदं एकदाच सांगा आन् मग जरा गप बसा की."

"बरं," तात्या म्हणाले. "आता मी गप बसणार हाय."

हवालदार हसले. मी अहवालात लिहिलं, 'रुग्ण संवाद साधू लागला आहे.'

गेल्या वर्षी पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आम्हाला शिकवायला आल्या. विषय होता 'आघातसजग व संस्कृतिसंवेदनशील उपचारपद्धती'. फळ्यावर तो लिहायलाच दोन ओळी लागल्या. बाई मनापासून शिकवत होत्या, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाल्या, रुग्णाला 'तुला काय झालंय' असं विचारू नका, 'तुझ्याबाबतीत काय घडलं' असं विचारा. फरक समजावण्यात अर्धा तास गेला. मग त्यांनी कुणाला काही शंका आहे का, असं विचारलं.

"आता मी बोलणार हाय," तात्या म्हणाले, आणि बोलले. "म्याडम, आमच्याकडं ह्या दोन्हीला 'काय झालं रं गड्या' एवढंच हाय."

बाईंनी खडू खाली ठेवला. "मग तुम्ही कसं विचारता?"

"हळू."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तात्यांना गाठलं. "काही करण्याआधी समोरच्याला सांगायचं, हा माझा दुपारचा विषय आहे. तुम्ही तर सकाळपासून तेच करताय. कुठं शिकलात?"

"घरी," तात्या म्हणाले. "शिकतोय अजून. पास झालो का न्हाई, त्ये घरच्यांनी सांगितल्यालं न्हाई."

घरचे म्हणजे मालनवहिनी. एसटीचा त्यात काही संबंध दिसेना. संध्याकाळी मी तात्यांच्या बरोबरच त्यांच्या घराकडं निघालो.

वाटेत त्यांनी आपणहून सांगितलं. "दारू सुटून दोन म्हैनं झालं हुतं. मला वाटलं, जितलो. एकदा खुंटीवरची टोपी काढाय हात वर केला. ही खाली भाकरी थापत हुती. तिनं दोन्ही हातांनी डोस्कं झाकून घेतलं. पिठाच्या हातांनी." थोडं चालून पुढं म्हणाले, "मी टोपी काढत हुतो, गुरुजी."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापास्नं सांगाय लागलो. हात वर करतोय, टोपी काढतोय. बारा वर्सं झाली."

"आता नाही ना घाबरत त्या?"

"कुणाला ठावं. इचारायचं धाडस हुईत न्हाई."

वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. तात्या अंगणातूनच म्हणाले, "मी आलोय. संगं गुरुजी हायत. आता चपला काढतोय."

"हं," वहिनी म्हणाल्या.

"तुझ्या मागनं आत जातोय. च्या ठिवतो."

"हं."

ते आत गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, अजून भीती वाटते का हो त्यांची?" इतकं थेट विचारायचं नसतं. सकाळचं सत्र माझ्यावर वाया गेलं होतं.

वहिनींनी दोन शेंगा फोडल्या. "मार इसरले न्हाई मी. पर भ्या गेलं. सुरवातीला लय वाटायचं. आता कायबी वाटत न्हाई, त्याला बी आठ वर्सं झाली असतील."

"मग त्यांना सांगत का नाही? ते वाट बघतायत."

त्यांनी आत एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला. "आवं गुरुजी, पोरी दोन्ही सासरी गेल्या. ह्यांचा सोभाव मुळात मुका. प्याल्यावरच काय त्ये बोलायचं, आन् त्ये काय ऐकण्याजोगं नसायचं. आता दिसभर सांगत असत्यात. उठतोय, बसतोय, मिरच्या आणाय चाललोय. भ्या गेलं म्हणून सांगितलं तर गप बसतील की. मग घरात बोलायचं कुणी?"

मीही शेंगा फोडायला घेतल्या.

आतून तात्यांचा आवाज आला. "दूध उतू जाणार हाय."

ते आधीच गेलं होतं. आम्ही कोरा चहा प्यायलो.