धोंड्याच्या तळणाचं तेल

"तेलाची चिंता सोडा! ते काम माझ्याकडं!"

विरूपाक्षअप्पांनी हे शुक्रवारी छाती ठोकून सांगितलं, आणि तेही फोन स्पीकरवर असताना. पलीकडं देगलूरहून त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा ऐकत होती.

विषय होता अनारशांच्या तळणाचा. तीन वर्षांनी अधिक महिना आलेला, ऋतुजाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. रविवारी दुपारी लेक-जावई जेवायला येणार, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अप्पांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, हौसेनं पीठ मुरवलं, कढई चढवली, आणि पहिले दोन घाणे तेलात पडताच हसले! अनारसा हसला की बाईला रडू येतं. सगळा विरघळून कढईभर पसरतो नि तेलाचा काढा होतो. शेवटी तेहतीस कसेबसे जमले, पण मागं पाच किलो तेल उरलं. काळपट, गुळमट, वर खसखस तरंगणारं. त्यात पुन्हा पापडसुद्धा तळता आला नसता.

"मोरीत ओतायचं न्हाई," चतुराबाईंनी बजावलं. "दिवाळीला ओतलाव, तर चार दिवस मोरी तुंबली. कडीपत्त्याच्या बुडाशी बी न्हाई. आधीचं झाड तुम्हीच मारलाव!"

"अगं, मी दाळमिलमधी तीस वर्षं सुपरवायझर होतो! ट्रकच्या ट्रक भुसा हलवलाय. पाच किलो तेलाचं काय घिऊन बसलीस? ऋतुजा, ऐकायलीस ना? तेलाचं काही बी अडलं तर आपल्या अप्पाला विचारायचं!"

"हाव अप्पा," ऋतुजा म्हणाली.

शनिवारी सकाळी अप्पा डबा घेऊन घंटागाडीपुढं उभे राहिले. गाडीवाल्यानं डब्यात डोकावलं नि हात झाडले. "काका, पातळ काही घेत न्हाव आम्ही." अप्पांनी हार मानली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या बजरंगला गाठलं. तो बांधकामाच्या सेंट्रिंगची कामं घेतो.

"प्लेटांना चोपडायला असलं तेल लागतंयच की," बजरंग म्हणाला. "ठिवा. सोमवारी नेतो."

झालं! अप्पा जिंकले. आता प्रश्न फक्त दोन रात्रींचा. पण चतुराबाईंना तो स्टीलचा डबा आत्ताच्या आत्ता रिकामा हवा होता. मागच्या अंगणात निळं पीप पडलेलं होतं, कोरडं ठणठणीत. नळ येतो आठव्या दिवशी आणि शनिवारी तर पाचवाच दिवस होता. अप्पांनी तेल पिपात ओतलं, वर झाकण दाबलं आणि कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर पिपावरून तासभर ऐकावं लागलं असतं.

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला.

"अप्पा, आम्ही उदगीर सोडलं. नऊला पोचतो."

"नऊला? तुम्ही तर दुपारी येणार होताव! सगळं ठीक हाय ना?"

ऋतुजा हळूच म्हणाली, "आल्यावर सांगते. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय." आणि फोन बंद!

जावई पहिल्या गाडीनं निघतो, लेक फोनवर दबून बोलते आणि वर "बोलायचंय"! असं बोलणं कशाचं असतं, हे लेकीच्या बापाला कुणी शिकवावं लागत नाही. चतुराबाई तर मटकन खालीच बसल्या. "पोरीचं काही बिनसलं का हो? नांदवत न्हाईत का काय तिला?"

"गप! तसं काही नसतंय!" अप्पा ओरडले. पण त्यांचाच आवाज चिरकला.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी उठली, "नळ आला! नळ आलाऽऽ!"

दोन दिवस आधीच! लातुरात नळ आला की माणूस विचार करत नाही, पाईप धरतो. घागरी, बादल्या, हंडे, पातेली, बाळंतपणातलं जुनं घंगाळसुद्धा! एका हातानं मोटार, दुसऱ्या हातानं पाईप, डोळे घड्याळावर आणि डोक्यात एकच घोर: माझ्या पोरीचं काय झालं? सगळं भरत आलं, तसा अप्पांचा हात तीस वर्षांच्या सवयीनं मागच्या अंगणाकडं वळला. रिकामं भांडं म्हणजे निळं पीप. झाकण काढलं, पाईप सोडला, न बघता काठोकाठ भरलं आणि झाकण लावून टाकलं!

नऊ वाजता रिक्षा थांबली. जावई संगमेश देगलूरला शाळेत गणित शिकवतो. तसा मोजकंच बोलणारा, पण आज चेहरा पार पडलेला. ऋतुजा नजर चुकवत आत गेली.

"मामा, जरा बोलायचं होतं," उंबऱ्यातच संगमेश म्हणाला.

"बोलू की, बोलू!" चतुराबाईंनी घाईनं मधे तोंड घातलं. "आधी पाय तर धुऊ द्या जावईबापू. पहिला धोंडा हाय. ऋतुजा, कळशी भरून आण गं. मागच्या निळ्या पिपातलं घे, आत्ताच भरलंय."

निळ्या पिपातलं! अप्पांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. ते मागं धावणार, तोच ऋतुजा घाईत न बघता बुडवलेली कळशी घेऊन दारात. संगमेशचे पाय परातीत, चतुराबाई पदर खोचून तयार. धार सुटली आणि परातीत सोनेरी चकत्या फिरू लागल्या.

"थांब! पाणी गार हाय, तापवून आण!"

"मे महिन्यात? काय बोलायलाव?" चतुराबाईंनी डोळे वटारले नि पाय चोळायला घेतले. अप्पांना घाम फुटला. हे जळकं तेल आहे, म्हणून कसं सांगायचं? आधीच जावई बिथरलेला, त्यात पहिल्या धोंड्याला त्याचे पाय तळणाच्या तेलानं धुतले, हे देगलूरला कळलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल!

"पाय लई मऊ हायेत बाई जावयाचे," चतुराबाई कौतुकानं म्हणाल्या. अंगठ्याला खसखस चिकटली होती. खोलीभर अनारशांचा वास सुटला. संगमेशनं एकदा पायांकडं पाहिलं, एकदा सासूकडं, आणि लातूरकडची रीतच असेल अशा समजुतीनं गप्प बसला.

पाय पुसून झाले. समोर गुळगुळीत शहाबादी फरशी, चार पावलांवर पाट, पाटापुढं तेहतीस अनारशांचं ताट.

"चला, पाटावर बसा."

संगमेश उठला.

"न्हाई! पुढं यायचं न्हाई!" अप्पा किंचाळले.

धोंड्याच्या जावयाला पाटावर यायची बंदी! चतुराबाईंच्या हातातला टॉवेल गळाला. संगमेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा... म्हणजे तुम्हाला कळलंय? कुणी सांगितलं?"

म्हणजे खरंच काहीतरी केलंय ह्यानं! संगमेश शरमेनं एक पाऊल मागं सरकला. टाच टेकली आणि तेलानं पुढंच सटकली! तो घसरत पाटाकडं निघाला, अप्पा त्याला धरायला झेपावले, त्यांचा पाय परातीत पडला आणि सासरा-जावई एकमेकांना मिठी मारून धाडकन खाली बसले. ताट उडालं. तेहतीस अनारसे फरशीभर गडगडत गेले, एक थेट कपाटाखाली.

"सांगून टाका एकदाचं!" अप्पांनी त्याचा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या लेकीला काय केलाव?"

"लेकीला न्हाई मामा," संगमेश खाली मान घालून म्हणाला. "मोरीला."

"मोरीला?"

"काल आईनं धोंड्यासाठी तळण काढलं. मी शहाणपणा केलो, उरलेलं सगळं तेल मोरीत ओतलो. मोरी तुंबली, अन् घाण पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात निघालं! आई कालपासून बोलत न्हाई. ऋतुजा म्हणाली, आमच्या अप्पांना विचारू, त्यांना तेलातलं लई कळतंय. फोनवर बोलायची लाज वाटली, म्हणून पहिली गाडी धरलो."

अप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. लेक सुखात होती! त्यांना नाचावंसं वाटलं, पण फरशी त्यातली नव्हती. त्यांनी धोतर सावरलं, घसा खाकरला नि सुपरवायझरच्या आवाजात सुरुवात केली, "हे बघा जावईबापू, तेलाचं असं असतंय..."

तेवढ्यात चतुराबाईंनी परातीत दोन बोटं बुडवली. नाकाशी धरली. मग सावकाश मागच्या दाराकडं पाहिलं.

"अवो," त्या फार शांतपणे म्हणाल्या, "आठ दिवसांचं पाणी भरलेल्या त्या निळ्या पिपात काय हाय?"

ऋतुजानं तोंडाला पदर लावला. संगमेश मात्र शिकायच्या तयारीत अप्पांकडं बघत होता. अप्पा जावयाच्या कानाशी झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"पहिला नियम. तेल कुठं ठिवलाव, ते आधी बायकोला सांगायचं. बाकीचं आपण दोघं बी बजरंगला विचारू."