कोरडा कागद

"बाबा, त्या बाकावर बसायचं. उठायचं नाही. कुणाला सल्ला द्यायचा नाही. आणि कशालाही हात लावायचा नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर घरीच ठेवून आले असते," असं म्हणून चिमणी परीक्षेच्या खोलीत गेली.

नळवाले बाकावर बसले. सगळं गाव त्यांना नळवाले म्हणूनच ओळखत होतं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत पाणी नेऊन सोडलं होतं, पण ते सगळं दुसऱ्याच्या परवान्यावर. काम यांचं, घाम यांचा आणि कागदावर सही ठेकेदाराची. आज चिमणी पास झाली तर घरात पहिल्यांदा स्वतःचा परवाना येणार होता. म्हणून नळवाल्यांनी सकाळी दोनदा दाढी केली होती, जणू परीक्षा त्यांचीच होती.

बाकामागे खिडकी होती. तिच्यातून खोली स्वच्छ दिसत होती. भिंतीलगत टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर उमेदवारानं स्वतः जोडलेला पाइप. पाइपाचं शेवटचं तोंड बुचानं बंद होतं. परीक्षेची रीत साधी होती. जोडांखाली कोरा कागद अंथरायचा, कॉक उघडून पाइपात पाणी सोडायचं आणि थोडा वेळ थांबायचं. कागद कोरडा राहिला तर पास. एक जरी थेंब पडला, तरी घरी.

परीक्षकांच्या मिशा भरघोस होत्या आणि आवाज त्याहून भरघोस. "माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलत नाही!" ते गरजत होते. "जोड पुरे करा. मग एकेकाचं पाणी सोडू."

नळवाले शहाण्यासारखे बसून राहिले असते. पण समोरच्या बेसिनची तोटी गळत होती. टप. टप. तुमच्या-आमच्या कानाला तो नुसता आवाज. नळवाल्यांना मात्र वाटलं, कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतंय.

"कधीपासून गळतेय?" त्यांनी दारातल्या शिपाईबुवांना विचारलं.

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून."

"आणि वर दुरुस्तीचं परीक्षाकेंद्र म्हणवता!"

"इथं दुरुस्ती शिकवतात हो, करत नाहीत," शिपाईबुवा म्हणाले.

नळवाल्यांच्या खिशात एखाद वेळी रुमाल नसेल, पण छोटा पाना असायचाच. हात लावायचा नाही असं चिमणी म्हणाली होती खरी. पण पाना लावायचा नाही असं कुठं म्हणाली होती? त्यांनी बेसिनखाली वाकून पाहिलं. भिंतीत एक कॉक होता. तो फिरवताच टपटप थांबली. तोच कॉक आतल्या टेबलांचंही पाणी अडवतो, हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं आणि शिपाईबुवांनी सांगितलं नाही.

नळवाल्यांनी तोटी खोलली. आतला रबरी वायसर एका बाजूनं पार झिजून गेला होता. दुकान लांब होतं. ते वायसर चाचपत विचारात पडले, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"पास!"

चष्मेवाला उमेदवार हर्षानं उड्या मारत होता. नळवाल्यांनी त्याचा जोड मघाशीच न्याहाळला होता. तो इतका तिरका होता की त्यावरून मुंगी घसरली असती. आणि कागद कोरडा?

"पास!" पुन्हा आवाज आला. आता उंच पोरगा. यानं तर आट्यांवर टेप उलटी गुंडाळली होती.

"कमाल आहे," नळवाले पुटपुटले. "हल्लीचं सामान फारच चांगलं निघालंय."

मग चिमणीची पाळी आली. नळवाल्यांनी श्वास रोखला. तिनं कागद अंथरला, कॉक उघडला आणि पाइपावर तळहात ठेवला. परीक्षकांनी खाली वाकून पाहिलं. "कोरडा. पा—"

"थांबा सर," चिमणी म्हणाली. "पाणी आलेलंच नाही."

"काय?"

"पाइपात पाणी भरताना हाताला कळतं. थरथरतो तो. हा गप्प आहे."

मग चष्मेवाला दबक्या आवाजात म्हणाला, "ओ ताई, तोंडातला घास कशाला काढताय? सर म्हणतायत पास, तर व्हा ना!"

"मला पाण्याची परीक्षा द्यायचीय, वाऱ्याची नाही," चिमणी म्हणाली.

बाहेर नळवाल्यांची छाती दोन बोटं फुगली. पाइपावर तळहात ठेवायला तिला त्यांनीच तर शिकवलं होतं. आणि मग त्यांचं लक्ष हातातल्या उघड्या तोटीकडे गेलं. नजर खाली बंद कॉकवर गेली. छाती चार बोटं आत गेली.

आत परीक्षकांची मिशी थरथरू लागली होती. "म्हणजे आधीचे दोघे कोरडेच पास झाले? सगळ्यांनी कॉक उघडा! पूर्ण उघडा! बघू कुठं पाणी येतंय का." सगळे कॉक उघडले गेले. थेंब नाही. "पाणी नाही, तर परीक्षा नाही. आजची परीक्षा रद्द! आता सहा महिन्यांनी या."

सहा महिने! नळवाल्यांनी झिजलेला वायसर तसाच उलटा करून तोटीत कोंबला, पाना दोनदा फिरवला आणि खालचा कॉक एका झटक्यात सताड उघडला.

पाण्यानंही बराच वेळ वाट पाहिली होती. तिरक्या जोडातून पहिली चिळकांडी निघाली ती थेट परीक्षकांच्या मिशीवर. उलट्या टेपनं छत गाठलं. कोणाचं बूच उडालं, कोणाचा कोपरा सुटला. चष्मेवाला स्वतःच्या पाइपाला मिठी मारून, "अहो, कोणीतरी धरा हो!" म्हणून ओरडत होता. उंच पोरगा टेबलाखाली गेला, तर तिथं आधीच दोघं बसलेले.

चिमणी मात्र सरसर फिरली आणि एकेक कॉक बंद करत गेली. स्वतःचा तेवढा उघडा ठेवला.

पाणी थांबलं तेव्हा परीक्षक नखशिखांत निथळत होते. ते चिमणीच्या टेबलाशी आले आणि वाकले. पाइपात पाणी घुमत होतं. जोड कोरडे. कागद कोरडा. इतक्यात टप्पकन एक थेंब कागदावर पडला.

चिमणीचा चेहरा उतरला. खिडकीत नळवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी थेंबाकडे पाहिलं, मग हळूच मिशी पुसली. "हा माझा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मुली, तू पास. बाकीचे सगळे पुन्हा बसतील, ते कोरडे पास झालेले दोघंसुद्धा."

परवान्यावर तिथंच सही झाली. ठेकेदाराची नाही, कुणाची उसनी नाही. त्यावर चिमणीचं नाव होतं. ओला शिक्का अजून चमकत होता.

मग परीक्षक बाहेर आले. बेसिनजवळ पाना घेऊन उभे असलेले नळवाले त्यांना दिसले. शिपाईबुवा छताकडे पाहू लागले.

"तुम्ही कॉक बंद केलात?"

"तोटी गळत होती साहेब."

"परवाना?"

नळवाल्यांनी चिमणीकडे बोट दाखवलं. "तो काय, तिच्या हातात."

"तिचा झाला. तुमचा?"

नळवाल्यांनी पाना हळूच खिशात सरकवला.

"विनापरवाना काम!" परीक्षक म्हणाले. "मी लेखी तक्रार करायला हवी. नाहीतर परवानाधारकानं काम तपासून मंजूर करायला हवं." त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "बाई, तपासता का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी चिमणीला बाई म्हटलं होतं. नळवाल्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलं. म्हणजे, हो म्हण आणि चल घरी.

चिमणीनं एक कोरा कागद मागवला. तोटीखाली धरला. सगळे जमले, भिजलेले उमेदवारसुद्धा. थोडा वेळ काहीच झालं नाही. नळवाले हसू लागले. आणि मग टप.

"वायसर उलटा करून बसवलात ना, बाबा?"

"अगं, चालतो तसा महिना-दोन महिने…"

"चालतो. पण पास होत नाही." तिनं कागद परीक्षकांच्या हाती दिला. "नापास, सर. नवा वायसर मी आणून बसवते. हे तोवर बाकावर बसतील."

आणि नळवाले बसले.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी वाटेत एकाला सोडलं नाही. दुकानदार, शेजारी, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना थांबवून सांगितलं, "आमच्या पोरीनं आज मला नापास केलं! साहेबासमोर! एका थेंबावर!" शिंपी सांत्वन करायला लागला, तर त्यालाच रागावले. "वाईट कसलं वाटतंय तुम्हाला? उद्या मी तिच्या परवान्यावर कामाला जाणार!"

घरी चिमणीच्या आईनं परवाना दोन्ही हातांनी घेतला, दिव्याखाली धरला, नाव वाचलं आणि पदरानं डोळे टिपले. नळवाले मात्र अजून थेंबावरच होते.

"तीस वर्षं गं! तीस वर्षांत माझी चूक कुणी पकडली नव्हती!"

"मी रोज पकडत होते," आई परवान्यावरची नजर न हलवता म्हणाली. "पण माझ्याकडे कुठं परवाना होता?"